शेवट सांगू नको ना बे!

गुन्हा कबूल करूनच सुरुवात करतो. गेल्या सेमिस्टरमध्ये मेसच्या टेबलावर, वांग्याची भाजी वाढून घेता घेता, मी एका कोरियन मालिकेच्या चौदाव्या भागात काय होतं ते मोठ्याने बोलून गेलो. समोर माझा रूममेट बसला होता. तो तेव्हा नवव्या भागावर होता. त्याने हातातली पोळी ताटात ठेवली आणि एवढंच म्हणाला, "सांगून टाकलं ना बे तू! आता मी काय पाहू?"

मी म्हटलं, "अरे, एवढं काय त्यात? अजून खूप काही आहे पुढे."

तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मला वाटलं, पोरगा उगाच भाव खातो आहे. मग कळलं की त्याने ती मालिका सोडूनच दिली. नऊ भाग म्हणजे जवळजवळ दहा तास! इतका वेळ दिलेली गोष्ट माणूस एका वाक्यामुळे का सोडतो? या प्रश्नाने माझा पिच्छा पुरवला आणि त्यातून हा लेख झाला. घाबरू नका, यात कुठल्याही मालिकेचा शेवट सांगितलेला नाही. तेवढी शिस्त आता अंगी बाणली आहे.

सोळा भागांचं गणित

आधी हे समजून घेऊ की स्पॉयलर याच मालिकांना इतका का लागतो. आपल्या घरी संध्याकाळी लागणाऱ्या सिरियलचं तसं नसतं. आईला फोन केला की ती आठवड्याभराचं कथानक दोन मिनिटांत सांगते आणि आपलं काहीच बिघडत नाही. कारण त्या सिरियलला शेवट असा ठरलेला नसतो. टीआरपी चांगला असेल तर नायिकेचं तिसरं लग्न, नसेल तर पुढच्या महिन्यात गाशा गुंडाळला. जिथे शेवटच ठरलेला नाही तिथे शेवट फोडणार तरी काय?

कोरियन मालिकेचं गणित वेगळं आहे. वर्षानुवर्षं तिथला ठरलेला साचा म्हणजे १६ भाग, प्रत्येक भाग तासाभराचा किंवा थोडा जास्त, आठवड्यातून लागोपाठ दोन दिवस. सोमवार-मंगळवार, बुधवार-गुरुवार किंवा शनिवार-रविवार. म्हणजे दोन महिन्यांत विषय संपला. 'क्रॅश लँडिंग ऑन यू' अशीच डिसेंबर २०१९ ते फेब्रुवारी २०२० या काळात १६ भागांत झाली. अलीकडे १२ भागांच्या मालिकाही बऱ्याच येतात. जपानी मालिका त्याहून आटोपशीर, दहा-अकरा भागांच्या. तिथे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर असे वर्षाचे चार हंगाम असतात आणि दर हंगामाला नवी मालिका. चिनी मालिका मात्र लांबण लावणाऱ्या. तिथल्या सरकारी नियामकाने २०२० मध्ये सांगितलं, बाबांनो, चाळीस भागांच्या आत आटपा.

दुसरी गोष्ट म्हणजे कोरियन मालिका बहुतेक वेळा एकाच लेखकाच्या किंवा लेखिकेच्या हातची असते. 'गॉब्लिन', 'डिसेंडंट्स ऑफ द सन' आणि 'मिस्टर सनशाइन' या तिन्हींमागे किम उन-सूक या लेखिकेचं नाव आहे. पहिल्या भागात कोपऱ्यात ठेवलेल्या वस्तूचा अर्थ पंधराव्या भागात लागतो. आपल्या भाषेत सांगायचं तर हे एकाच हाताने काढलेलं ड्रॉइंग असतं. त्यामुळे मधलाच एक पार्ट कोणी काढून दाखवला की बाकीच्या असेंब्लीची गंमत जाते.

'रिप्लाय १९८८' चं उदाहरण घ्या (२०१५-१६, २० भाग). गल्लीत एकत्र वाढलेली पाच मुलं, त्यात एकच मुलगी. मोठेपणची ती आणि तिचा नवरा आपल्याला सुरुवातीपासून दिसतात, पण तो नवरा या पोरांपैकी नेमका कोण हे लेखिका शेवटापर्यंत ताणते. कोरियात मालिका चालू असताना अख्खा प्रेक्षकवर्ग दोन पार्ट्यांत विभागला गेला होता. ही मालिका बघायला बसलेल्याला त्या नवऱ्याचं नाव सांगणं म्हणजे त्याच्याकडचे वीस भाग काढून घेणं.

दूरदर्शन ते हॉस्टेल

काही जणांना वाटतं की हे कोरियन खूळ लॉकडाऊनमध्ये आलं. तसं नाही. २००६ च्या सुमारास दूरदर्शनवर 'ज्युएल इन द पॅलेस' हिंदीत डब होऊन लागत होती. राजवाड्याच्या मुदपाकखान्यातली एक मुलगी पुढे वैद्य होते, त्याची ५४ भागांची गोष्ट. आणि मणिपूरमध्ये तर त्याही आधी. तिथे २००० मध्ये एका बंडखोर संघटनेने हिंदी सिनेमा आणि हिंदी वाहिन्यांवर बंदी घातली. ती रिकामी जागा केबलवरच्या कोरियन वाहिन्यांनी भरून काढली. आमच्या वरच्या मजल्यावर मणिपूरचा एक सीनियर होता. आम्ही 'स्क्विड गेम' बघून (सप्टेंबर २०२१, नऊच्या नऊ भाग एकाच दिवशी!) कोरिया आम्हीच शोधला अशा थाटात बोलायचो, तेव्हा तो नुसता हसायचा. त्याच्या घरी आत्या-मावशांनी या मालिकांवर दोन दशकं आसवं गाळली होती.

ते "एकाच दिवशी" महत्त्वाचं आहे. भाग आठवड्याने येत होते तेव्हा सगळे एकाच पायरीवर असायचे. आता बऱ्याचदा सगळे भाग एकदम येतात आणि प्रत्येक जण आपापल्या वेगाने धावतो. स्पॉयलरचा खरा उगम इथे आहे. पुढे गेलेला आणि मागे राहिलेला एकाच मेसमध्ये जेवतात!

आणि मागे कोण राहतं? ज्याचा रोजचा डेटा संपला तो. ज्याचं सबमिशन बाकी आहे तो. माझा रूममेट वडसा-देसाईगंजकडचा. शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजी सबटायटल वाचायला त्याला वेळ लागतो, म्हणून तो दर दोन मिनिटांनी थांबवून, मागे नेऊन बघतो. मी तासात जे उरकतो त्याला त्याला दीड तास लागतो. आळशीपणा वगैरे काही नाही, उलट माझ्या दीडपट मेहनत घेऊन तो नवव्या भागापर्यंत आला होता. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा त्या पोळीचा अर्थ कळला.

सबटायटलची चुगली

सबटायटलवरून एक गंमत सांगतो. कोरियन आणि जपानी वाक्याची रचना आपल्या मराठीसारखी आहे. आधी कर्ता, मग कर्म, आणि क्रियापद सगळ्यात शेवटी. "मी तुझ्यावर प्रेम…" इथपर्यंत वाक्य आलं तरी पुढे "करतो" आहे की "करत नाही" हे शेवटच्या शब्दापर्यंत कळत नाही. कोरियन नट नेमका तिथे थांबतो. आवंढा गिळतो. पावसात उभा राहतो. आणि खाली इंग्रजी सबटायटलने पूर्ण वाक्य केव्हाच छापून टाकलेलं असतं, नकारासकट! इंग्रजीत होय-नाही वाक्याच्या सुरुवातीलाच सांगून मोकळे होतात. म्हणजे सबटायटल हा दर वाक्याला मिळणारा छोटा स्पॉयलरच. जो हळू वाचतो त्याला उलट इथे फायदा. नट आणि तो जवळजवळ बरोबरच पोहोचतात.

आणखी एक. त्यांच्याकडेही आपल्यासारखं "तुम्ही" आणि "तू" आहे. बोलण्याच्या आदराच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. नायक-नायिका दहा भाग एकमेकांना "तुम्ही" म्हणतात आणि एके दिवशी कोणीतरी हळूच "तू" वर येतं. इंग्रजी सबटायटलमध्ये दोन्हीकडे तोच एक शब्द, त्यामुळे इंग्रजी वाचणाऱ्याला काही घडल्याचंही कळत नाही. मराठी माणसाने मात्र कान उघडे ठेवले तर वाक्याच्या शेपटातला फरक ऐकू येतो आणि काय घडलं ते बरोबर समजतं. या गोष्टी कुठलाही स्पॉयलर फोडू शकत नाही, कारण त्या सांगून कळतच नाहीत.

पण मग 'संभाजी' चं काय?

आता तुम्ही म्हणाल, शेवट माहीत असला म्हणून काय बिघडतं? 'स्वराज्यरक्षक संभाजी' (२०१७ ते २०२०) बघताना महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला शेवट माहीत होता. शाळेच्या पुस्तकापासून माहीत होता. तरी शेवटच्या भागांना घराघरांत डोळे ओले झालेच ना? कीर्तनाला बसलेल्या कोणाला रामायणाचा शेवट माहीत नसतो? मुद्दा बिनतोड आहे. एखाद्या कोरियन मुलीला तीच मालिका दाखवली तर तिला मात्र तुम्ही शेवट सांगणार नाही. तसंच त्यांच्या ऐतिहासिक मालिकांचं. 'मिस्टर सनशाइन' चा काळ म्हणजे १९१० मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केला त्याच्या आधीची वर्षं. कोरियातल्या शाळकरी पोरालाही देशाचं पुढे काय झालं ते ठाऊक असतं, आपल्याला नसतं. एकाचा इतिहास तो दुसऱ्याचा स्पॉयलर!

राजा परांजपे यांचा 'पाठलाग' १९६४ मध्ये आला. कोर्टात उभी असलेली बाई नक्की कोण, या एका प्रश्नावर अख्खा सिनेमा. दोनच वर्षांनी त्याच गोष्टीवर हिंदीत 'मेरा साया' आला. ज्या मराठी माणसांनी 'पाठलाग' पाहिला होता त्यांना रहस्य आधीच ठाऊक, तरी 'मेरा साया' बघायला ती गेलीच असणार. असंच पूर्व आशियात एका जपानी कॉमिकचं झालं. त्याच्यावर तैवानने २००१ मध्ये 'मिटिऑर गार्डन' काढली, २००५ मध्ये जपानने स्वतःची मालिका केली, २००९ मध्ये कोरियाची 'बॉइज ओव्हर फ्लॉवर्स' आली आणि २०१८ मध्ये चीनची. चारही ठिकाणी गरीब घरची मुलगी आणि चार श्रीमंत पोरं. आमच्या ओळखीच्या गर्ल्स हॉस्टेलमध्ये चारही बघितलेल्या मुली आहेत आणि कुठला हिरो सरस यावर तिथे तहात न मिटणारी युद्धं होतात.

संशोधकांनीही हात घातला आहे. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो कॅम्पसमध्ये दोघांनी बारा लघुकथा घेऊन प्रयोग केला. काही वाचकांना शेवट आधीच सांगितला, काहींना नाही. निष्कर्ष असा निघाला की शेवट माहीत असलेल्यांना कथा सरासरीने जरा जास्तच आवडल्या! पुढे २०१५ च्या दुसऱ्या एका अभ्यासात मात्र उलटं दिसलं. स्पॉयलरमुळे उत्कंठा आणि मजा कमी झाली. मला वाटतं, दोघंही आपापल्या जागी खरे असू शकतात, पण दहा-पंधरा मिनिटांची लघुकथा आणि दोन आठवडे जागून बघितलेली मालिका यांना एका मापाने मोजू नये.

याची फोड हिचकॉकने फार सोपी करून ठेवली आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि प्रेक्षकाला माहीत नाही. बॉम्ब फुटतो, पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. तोच बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवला तर पंधरा मिनिटांची धाकधूक मिळते. म्हणजे माहीत असणं हीसुद्धा एक मजा आहे. पण लक्षात घ्या, बॉम्ब केव्हा दाखवायचा हे हिचकॉक ठरवतो. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस नाही!

माझ्या रूममेटने हेच आपल्या पद्धतीने सांगितलं. त्यांच्याकडे झाडीपट्टीची नाटकं. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत नाटक चालतं. एक नाटक त्याने आधी स्वतःच्या गावात पाहिलं आणि मग मामाच्या गावी पुन्हा. मी विचारलं, दुसऱ्यांदा काय मजा आली? तो म्हणाला, "पहिल्या वेळी शेवटी रडू आलं. दुसऱ्या वेळी सुरुवातीलेच आलं. ते हसून राहिले होते अन् मले पुढचं ठाऊक होतं."

याहून चांगलं मी तरी कुठल्या अभ्यासात वाचलेलं नाही. दुसऱ्या वेळेची मजा वेगळी असते आणि ती कधीही घेता येते. पहिली वेळ मात्र एकदाच मिळते. स्पॉयलर देणारा आपल्याला थेट दुसऱ्या वेळेवर नेऊन बसवतो, पहिली न देताच.

मग मी उलटी चूक केली

त्या पोळीच्या प्रकारानंतर मी कट्टर झालो. रूमच्या दारावर पाटी लावली: "शेवट सांगणाऱ्यास चहा पाजावा लागेल." कोणी काही विचारलं तरी माझं एकच उत्तर, "स्वतः बघ."

उन्हाळ्यात, परीक्षेच्या आधी, रूममेटच्या आईला तपासण्यांसाठी नागपूरला आणलं होतं. तो दिवसा दवाखान्यात आणि रात्री हॉस्टेलवर. झोप यायची नाही. कूलरच्या आवाजात मोबाइल घेऊन पडून राहायचा. मीच त्याला एक मालिका सुचवली होती. घरातली साधी गोष्ट, हलकीफुलकी म्हणून. (नाव सांगत नाही. सांगितलं तर हा परिच्छेदच स्पॉयलर होईल.) एका रात्री त्याने अंधारातच विचारलं, "त्या पोराची आई मरते काय गा याच्यात?"

मी म्हटलं, "स्पॉयलर नाही देणार."

तो काही बोलला नाही. मोबाइल उलटा करून ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. निदान मला तेव्हा तसं वाटलं.

सकाळी तर्री-पोहे खाताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याला रहस्य नकोच होतं. पुढचा भाग त्या रात्री झेपेल की नाही, एवढंच त्याला आधी जाणून घ्यायचं होतं. मेसमध्ये त्याने न विचारता मी सांगितलं होतं आणि आता त्याने विचारूनही सांगितलं नाही. दोन्ही वेळा चूक एकच. त्याच्या बघण्याचा निर्णय मी घेतला होता.

दुपारी त्याला फोन करून खरं काय ते सांगितलं. "बरं झालं सांगितलं," म्हणाला. ती मालिका त्याने तेव्हा नाही बघितली. आई बरी होऊन घरी गेल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत बघितली. दोघांनी मिळून. तो सबटायटल वाचून झाडीबोलीत सांगायचा आणि आई ऐकायची.

थोडे उपाय, थोडे नियम

स्पॉयलर टाळायचा असेल तर शत्रू कुठे दबा धरून बसलाय ते माहीत हवं.

१. गुगलवर नटाचं नाव टाइप करू नका. दोन अक्षरं टाकली की ते स्वतःच "मृत्यू", "खुनी कोण" असं सुचवायला लागतं. विकिपीडियावरची पात्रयादी तर त्याहून घातक. तिथे नावासमोरच पूर्ण नशीब लिहिलेलं असतं.

२. यूट्यूबवर एक क्लिप बघितली की पुढच्या दहा शेवटाकडच्या येतात. मालिका संपेपर्यंत वॉच हिस्ट्री थांबवून ठेवा. नेटफ्लिक्सच्या सेटिंगमध्ये आपोआप चालणारे प्रिव्ह्यू बंद करता येतात.

३. व्हॉट्सअॅपवर ज्या मित्राला स्टेटस टाकायची हौस आहे त्याला दोन आठवडे म्यूट करा. मैत्री टिकेल.

४. एका स्पॉयलरवर उपाय नाही. तो म्हणजे खालची वेळेची पट्टी. १६ पैकी बाराव्या भागात पकडलेला खुनी बहुधा खुनी नसतो. आपण इंजिनियर, एवढं गणित आपोआप होतंच.

आणि आपण स्वतः स्पॉयलर होऊ नये म्हणून तीनच गोष्टी. बोलण्याआधी विचारा, "कितव्या भागावर आहेस?" त्या आकड्याच्या पुढे जाऊ नका. मेस, कॉमन रूम आणि बसमध्ये सगळ्यात मागे असलेल्या माणसाच्या हिशेबाने बोला. आणि कोणी स्वतःहून शेवट विचारला तर हुशारी न करता सांगून टाका. का विचारतो आहे ते विचारू नका. त्याचं कारण त्याच्यापाशी.

लंडनमध्ये 'द माउसट्रॅप' हे नाटक १९५२ पासून चालू आहे. प्रयोग संपला की प्रेक्षकांना विनंती केली जाते, खुनी कोण ते बाहेर सांगू नका. इतक्या वर्षांत लाखो लोकांनी ते पाहिलं आणि ज्याला नकळत बघायचं आहे त्याला आजही तसं बघता येतं, ते पाहून गेलेल्यांच्या जिवावर. लाखो अनोळखी लोकांना हे जमत असेल तर आपल्या एका मेसला जमायला हरकत नाही.

दारावरची पाटी मी बदलली आहे. आता लिहिलंय: "विचारलं तरच सांगू. विचारलं तर नक्की सांगू." चहाची अट रूममेटच्या आग्रहाखातर कायम ठेवली आहे. सध्या तो नव्या मालिकेच्या सहाव्या भागावर आहे आणि मी अकराव्या. पाच भागांची गोष्ट पोटात घेऊन मी रोज त्याच्यासमोर बसून वांग्याची भाजी खातो.